मानसिक आघातातून सावरताना: उपचारांचा क्रम आणि पुढची बांधणी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून थकलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींच्या, माळवदाच्या घरांत झोपली होती. त्याच भिंती आणि तीच माळवदे अंगावर कोसळून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे दगावली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि बांधकाम कसे असावे याचे नियमही शिकवले गेले. मनावर बसलेल्या आघाताचे काय करायचे, ही गोष्ट मात्र तेव्हाही बहुतेक घरांनी आपापल्या परीने, चाचपडत हाताळली आणि आजही तसेच चालते. दरड, पूर, रस्त्यावरचा अपघात, हल्ला, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला जवळच्या माणसाचा मृत्यू, यांपैकी काहीही वाट्याला आलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

या उपचारांत क्रमाला फार महत्त्व आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग घडलेल्या गोष्टीची आठवण आणि तिचा शोक, आणि त्यानंतर माणसांशी व आयुष्याशी पुन्हा नाते जोडणे. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम उलटा होतो. चौथ्या दिवशी ‘आता विसरून जा’ असे सांगितले जाते आणि महिन्याभरात ‘यातूनही काहीतरी चांगलेच निघेल’ अशी अपेक्षा केली जाते. दोन्ही वाक्ये मायेपोटी बोलली जातात, पण ऐकणारा माणूस त्यानंतर बोलायचेच बंद करतो.

काय स्वाभाविक आणि काय विकार

मोठ्या आघातानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणे, आवाजाला दचकणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, रडू येणे किंवा काहीच न वाटणे, हे सारे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसांची ही लक्षणे आधार आणि स्वस्थता मिळाल्यास हळूहळू ओसरतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कोणाला रोगी ठरवू नये.

महिना उलटूनही लक्षणे तशीच राहिली किंवा वाढली आणि काम, शिक्षण, संसार अडू लागला, तर मात्र तपासणी करून घ्यावी. १९८०पासून हा विकार आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, या नावाने अमेरिकेच्या अधिकृत वर्गीकरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणानुसार त्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, तो प्रसंग नुसता आठवत नाही तर आत्ता, या क्षणी घडत असल्यासारखा अनुभवास येतो. दुसरी, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे आणि विचार टाळले जातात. तिसरी, धोका टळून गेला तरी शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे राहते. बालपणातील अत्याचार किंवा वर्षानुवर्षांचा घरगुती हिंसाचार यांतून गेलेल्यांत याखेरीज भावना न आवरणे, स्वतःविषयी खोल लाज आणि कोणाशीही जवळीक न साधता येणे अशी भर पडते. त्याला जटिल पीटीएसडी म्हणतात आणि त्याच्या उपचारांना साहजिकच अधिक काळ लागतो.

लक्षणे नेहमी मनाचीच म्हणून समोर येत नाहीत, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. छातीत धडधड, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी घेऊन माणूस महिनोन्महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतो. पुरुषांमध्ये हा त्रास पुष्कळदा चिडचिड आणि दारू यांच्या आड लपतो. लहान मूल तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा रंगवते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते किंवा आईला क्षणभर सोडत नाही. रात्री किंचाळून उठणाऱ्या माणसाला ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून अंगारेधुपारे करण्यात पहिले वर्ष वाया गेले, तर नंतरचे उपचार अधिक कठीण होतात.

पहिले काही दिवस

या काळासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पद्धत प्रसिद्ध केली. ती शिकायला डॉक्टर असण्याची गरज नाही. पाहा, ऐका आणि जोडून द्या, एवढाच तिचा गाभा आहे. कोणाला दुखापत आहे, कोण गोंधळून एकटा बसला आहे, हे पाहावे. जो बोलेल त्याचे मध्ये न तोडता ऐकावे. मग त्याला नातेवाईक, दवाखाना, अन्न, निवारा आणि खरी माहिती यांच्याशी जोडून द्यावे. कुटुंब एकत्र ठेवणे, हरवलेल्यांची बातमी मिळवून देणे, अंत्यसंस्कार रीतसर होऊ देणे यांचा मनावर होणारा परिणाम कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोठा असतो. दहाव्या-तेराव्यापर्यंत घरात माणसांचा राबता असतो, त्याचाही आधार होतो. अडचण पुढे सुरू होते, कारण पाहुणे परततात तेव्हाच माणूस खऱ्या अर्थाने एकटा पडतो. म्हणून शेजाऱ्यांनी आणि मित्रांनी आपली पाळी तेराव्यानंतर लावावी.

दोन गोष्टी या काळात कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, काय घडले ते सविस्तर सांगण्याची सक्ती. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत मन मोकळे करायला लावण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. तिने विकार टळत नाही आणि काहींना त्रासच होतो, असे दिसून आल्याने आता ती सुचवली जात नाही. कॅमेरा पुढे करून ‘तुम्हाला काय वाटते आहे’ असे विचारणे याच सक्तीचा एक प्रकार आहे. दुसरी गोष्ट झोपेच्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या आपल्याकडे सहज लिहून दिल्या जातात, पण आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या लक्षणांवर उपाय म्हणून देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३चे मार्गदर्शन आहे. त्यांची सवय लागते आणि सावरण्याची क्रिया लांबते. आधीपासून सुरू असतील तर मात्र त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत न्याव्यात.

मुलांना घटनेची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहू देऊ नये. त्यांना खरे, थोडक्यात आणि त्यांच्या भाषेत सांगावे, आणि शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करावी. ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट घडते, हा अनुभव मुलाला त्या दिवसांत सर्वाधिक धीर देतो.

सुरक्षितता: याआधी पुढे जाऊ नये

धोका अजून चालू असेल तर मनाचा उपचार सुरूच होऊ शकत नाही. मारहाण करणारा नवरा घरात असताना पत्नीला ‘भीतीवर मात करा’ असे सांगणे अन्यायाचे आहे, कारण तिची भीती खरी आहे. अशा वेळी आधी १८१ ही महिला मदतवाहिनी, २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये नेमलेले संरक्षण अधिकारी किंवा पोलिसांचा ११२ क्रमांक यांची मदत घ्यावी. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतील पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यातील अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. शिवाय लैंगिक अत्याचारपीडितेवर मोफत उपचार करणे शासकीय तसेच खासगी रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे.

‘जगून काय करू’ असे शब्द ऐकू आले तर विषय बदलू नये. मरणाचे विचार येतात का, काही ठरवले आहे का, असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट ओझे हलके होते. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि शेतकरी घरात असाल तर फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलुपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवण्याचे कारण नाही.

सुरक्षिततेत शरीरही आले. प्रसंग अचानक डोळ्यांसमोर उभा राहिला तर डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर घट्ट टेकवून दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार गोष्टी, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि तोंडातली एक चव ओळखावी, आणि आजची तारीख व आपण कोठे आहोत ते स्वतःला सांगावे. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवावा. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्याने घाबरायला होते, त्यांनी थंड पाण्याने तोंड धुवावे किंवा चालायला लागावे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नये, कारण तिने उत्तररात्रीची झोप मोडते आणि भयस्वप्ने वाढतात. ध्यानाबद्दलही सावध राहायला हवे. आघात ताजा असताना दहा दिवसांच्या मौन शिबिरात बसणे काहींना झेपत नाही, म्हणून तसा विचार असल्यास आधी उपचार करणाऱ्यांशी बोलावे.

कोणाकडे जावे

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०२२पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे दिवसरात्र मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मनोविकार संस्था आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे औषधे देऊ शकणारे डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ प्रामुख्याने बोलण्यातून होणारे उपचार करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. पहिल्या भेटीत एवढेच विचारावे की आघातावरील कोणत्या उपचारपद्धतीचे प्रशिक्षण आपण घेतले आहे आणि साधारण किती बैठका लागतील. नुसता धीर देऊन, सकारात्मक विचार करायला सांगून पाठवणारी व्यक्ती कितीही भली असली, तरी पीटीएसडीच्या उपचाराला ती पुरेशी नाही.

आठवणीला सामोरे जाणे

हा उपचाराचा गाभा आहे आणि लोकांना सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. आघाताची आठवण टाळल्याने त्या क्षणी बरे वाटते, पण आठवण धोकादायक नाही हे शिकण्याची संधी मनाला कधीच मिळत नाही. टाळाटाळ वाढत जाते आणि आयुष्य आक्रसत जाते. ज्या उपचारपद्धती प्रभावी ठरल्या आहेत, त्या साऱ्या कोणत्या ना कोणत्या मार्गाने ही टाळाटाळ मोडतात.

मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण सुरक्षित खोलीत, तज्ज्ञासमोर, तो प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याच्या जोडीला टाळलेल्या जागांना टप्प्याटप्प्याने भेट देतो. समजा, महामार्गावर दुचाकीच्या अपघातातून वाचलेला तरुण वर्षभर गाडीला हात लावत नाही. त्याने भीतीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. अंगणात बंद गाडीवर बसणे तीस, गाडी चालू करून बसणे चाळीस, गल्लीत कोणाच्या तरी मागे बसून फिरणे पन्नास, स्वतः गल्लीत चालवणे साठ, दिवसा महामार्गाच्या कडेला उभे राहून जाणारे ट्रक पाहणे सत्तर, आणि अपघाताच्या जागेवरून बसने जाणे नव्वद. सुरुवात तिसापासून करायची. नियम एकच आहे. भीती ऐन भरात असताना तेथून निघायचे नाही. ती साधारण निम्म्यावर येईपर्यंत, मग त्याला अर्धा तास लागो की पाऊण, तेथेच थांबायचे. तीच पायरी पुढचे अनेक दिवस करायची आणि ती सोपी झाली की वर चढायचे. मध्येच पळून आल्यास मनाची समजूत ‘पळालो म्हणून वाचलो’ अशीच पक्की होते. पायऱ्या कोणत्या आणि किती उंच, हे तज्ज्ञाबरोबर ठरवावे.

दुसरी पद्धत पॅट्रिशिया रेसिक यांची. आघातानंतर मनात रुतून बसलेल्या विचारांची ती तपासणी करते. किल्लारीसारख्या आपत्तीत वाचलेल्या आईच्या मनात कसला विचार रुतू शकतो, ते पाहा: ‘मुले ओट्यावर झोपतो म्हणत होती, मीच त्यांना आत बोलावले. आदल्या वर्षीही हादरे बसले होते. मला कळायला हवे होते.’ येथे ‘तुमची काही चूक नाही’ असे सांगून भागत नाही, कारण हे तिला शंभर जणांनी सांगितलेले असते. तज्ज्ञ प्रश्न विचारतात. आत बोलावताना तुमच्या मनात काय होते? मुलांना इजा व्हावी असा हेतू होता का? १९९२ मध्ये हादरे बसले तेव्हा जाणकारांनी काय सांगितले होते? हा भाग देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात धरला होता, मग शास्त्रज्ञांना जे ठाऊक नव्हते ते तुम्हाला कोठून कळणार होते? त्या रात्री गावातल्या बाकीच्या आया काय करत होत्या? उत्तरे ती स्वतः शोधते, लिहून काढते, आणि हळूहळू अपराधाच्या जागी दुःख येते. हे दुःख सोपे नसते, पण ते खरे असते आणि त्यातून रडता येते. पुष्कळ माणसे अपराधीपणाला धरून राहतात, कारण ‘माझी चूक होती’ यात निदान आपल्या हाती काहीतरी होते असा आधार असतो. आपल्या हाती काहीच नव्हते, हे मान्य करणे त्याहून कठीण जाते.

फ्रान्सिन शापिरो यांच्या ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांच्या किंवा टपटप स्पर्शाच्या लयबद्ध हालचालीकडे लक्ष दिले जाते. ज्यांना सविस्तर बोलणे जड जाते त्यांना ती मानवते. एकामागून एक आघात सोसलेल्यांसाठी आयुष्याची पूर्ण कथा क्रमाने लिहून काढण्याची पद्धतही आहे. यांतील बहुतेक उपचार आठवड्याला एक याप्रमाणे आठ ते बारा बैठकांत होतात. पहिल्या दोन-चार बैठकांनंतर स्वप्ने वाढू शकतात. उपचार सोडून देण्याची वेळ नेमकी तीच असते, म्हणून ते आधीच घरच्यांना सांगून ठेवावे.

सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधे लक्षणे कमी करतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करू नयेत. बोलण्याच्या उपचाराची सोय गावात नसेल किंवा सोबत तीव्र नैराश्य असेल, तेव्हा त्यांचा उपयोग विशेष होतो.

घरच्यांचे काम

घरच्यांनी उपचारक होऊ नये, सोबती व्हावे. ‘मी आहे. बोलावेसे वाटले तर बोल, नाहीतर नुसते बसू’ एवढे पुरते. किंचाळून उठलेल्या माणसाला गदगदा हलवून जागे करू नये. दिवा लावून, थोड्या अंतरावरून त्याचे नाव घेऊन हाक मारावी. पाठीमागून अचानक खांद्यावर हात ठेवू नये. त्याच्या वतीने बाजार, बँक, फोन ही सारी कामे कायमची अंगावर घेऊ नयेत, कारण त्यामुळे त्याची टाळाटाळ आपणच पोसतो. अत्याचार सोसलेल्या मुलीला ‘घराण्याची अब्रू’ ऐकवण्याइतकी हानी दुसऱ्या कशानेही होत नाही. पहिल्यांदा सांगितल्यावर आपल्यावर विश्वास ठेवला गेला की नाही, यावर तिचे पुढचे सावरणे फार अवलंबून असते.

आघातानंतरची वाढ

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९०च्या दशकात आघातोत्तर वाढीची कल्पना मांडली. मोठा आघात हा भूकंपासारखा असतो, जग सुरक्षित आहे, चांगल्याचे चांगलेच होते, या आपल्या पायाभूत समजुतींची इमारत तो पाडतो, असे ते म्हणतात. वाढ होते ती या पडझडीमुळे नव्हे, तर नंतर समजुती नव्याने बांधण्याच्या कष्टांतून. १९९६ मध्ये त्यांनी एकवीस विधानांची मोजपट्टी तयार केली आणि वाढीची पाच क्षेत्रे सांगितली: माणसांशी अधिक जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची ओळख, आध्यात्मिक बदल आणि आयुष्याची किंमत कळणे.

ही वाढ दुःखाची जागा घेत नाही, दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतात. शिवाय ‘मी खूप बदललो’ असे वाटणे आणि प्रत्यक्ष बदलणे यांत अंतर असते. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांची आघाताच्या आधी आणि नंतर तपासणी केली, तेव्हा त्यांना वाटणारी वाढ आणि मोजलेला बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. म्हणून माझ्या मते वाढ ही भावनेत न शोधता वागण्यात शोधावी. कोणाकडूनही, विशेषतः पहिल्या वर्षात, तिची अपेक्षा करू नये. ज्याच्यात ती दिसत नाही तो कमी पडला, असे तर मुळीच नाही.

झोप बरी झाली आणि आठवण सोसवू लागली की काही गोष्टी करता येतात. सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटे, त्या अनुभवाविषयी आणि त्यामागच्या भावनांविषयी न थांबता, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहावे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत अभ्यासली. लिहिलेले कोणाला दाखवण्याची गरज नाही आणि लिहून त्रास दिवसेंदिवस वाढत असेल तर थांबावे. त्यानंतर स्वतःला मोजके प्रश्न विचारावेत. आता माझ्यासाठी काय महत्त्वाचे राहिले आहे? कठीण काळात कोण उभे राहिले? पूर्वी जमत नव्हते असे मी काय केले? उत्तरातून एक छोटी कृती निवडावी आणि ती वारावेळेसह ठरवावी. ‘नाती जपेन’ असे लिहून ठेवण्यापेक्षा ‘दर रविवारी बहिणीकडे जाईन’ हे उपयोगी पडते.

दुसऱ्याच्या उपयोगी पडणे ही वाढीची सर्वांत भक्कम वाट आहे असे मला वाटते, आणि तिचे उदाहरण पुन्हा लातूरकडचेच आहे. भूकंपानंतर स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने शासनाच्या दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहाय्यक म्हणून उभे केले. चारचौघांत बोलण्याचीही सवय नसलेल्या बायका घराचे कोपरे कसे बांधावेत हे समजावून सांगू लागल्या. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतल्या काही जणी तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. भाषा वेगळी होती, पण दगडाच्या भिंतीची भीती दोघींनाही ठाऊक होती. याला वेळ जाऊ द्यावा लागतो, हे मात्र विसरू नये. स्वतःची जखम ओली असताना मदतकार्यात झोकून देणे हा पुष्कळदा टाळाटाळीचाच प्रकार असतो. दुसऱ्याची हकीकत ऐकून आल्यावर आपली झोप दोन-तीन रात्री उडत असेल, तर अजून थांबावे.

उपचार संपल्यानंतरही घटनेची तारीख, तो सण, तोच पाऊस, वर्तमानपत्रातली तशीच बातमी यांनी लक्षणे काही दिवस परत येतात. त्या आठवड्याचे नियोजन आधीच करावे: कोण सोबत असेल, त्या दिवशी काय करायचे, कोणत्या बातम्या पाहायच्या नाहीत, आणि बंद पडलेली कोणती पायरी पुन्हा करायची. दोन आठवड्यांत लक्षणे ओसरली नाहीत किंवा टाळाटाळ पुन्हा वाढू लागली, तर आधीच्याच तज्ज्ञांकडे दोन-तीन बैठकांसाठी जावे. पहिल्या खेपेचे शिकलेले वाया गेलेले नसते, त्यामुळे या वेळी सावरायला बहुधा कमी वेळ लागतो.